पेठेतल्या देवळाचं मागचं दार

"आगं, उभा धर की त्यो ऊस! आडवा कशाला घुसवतीस?" हरणाबाई गल्लीतून ओरडली.

"उभा धरला तर वायरला लागतोय, आज्जे," सोनिया म्हणाली. तिच्या खांद्यावर पाच उसांची मोळी होती, शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट, आणि ती चर्चच्या मागच्या दारात अशी अडकली होती की पुढंही जाईना आणि मागंही येईना. ते दार होतंच मुळी एवढंसं. एका वेळी एक बाई आत यायची, आणि तीही अंगानं भरलेली असली तर तिरकी होऊन.

आत सुवार्ताबाई उभी होती. रविवारचं पांढरं पातळ नेसलेली, केस चापून बसवलेले, हातात घडी घातलेला रुमाल. सकाळचे साडेसात वाजत होते. बाहेर सहाजणी टोपल्या, पिशव्या, गाठोडी घेऊन ओळीनं थांबल्या होत्या आणि त्या सगळ्यांना तिला ‘बायांनो, परत जा’ एवढे तीन शब्द सांगायचे होते. गेले तीन आठवडे ती ते तोंडात घोळवत होती. आताही ते बाहेर पडले नाहीत. तिनं पुढं होऊन मोळीचे शेंडे धरले, मोळी तिरकी केली आणि आत ओढून घेतली.

"बघा, आक्काला जमलं," हरणाबाई म्हणाली. "ह्या दाराच्या खोडी तिलाच ठावं."

सांगलीच्या पेठेत भाजी विकायला बसणाऱ्या बाया सुवार्ताबाईला आक्काच म्हणत. तिचं नाव त्यांच्या जिभेवर नीट बसत नसे. नाव ठेवलं होतं मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी, आणि सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. ज्या पोरीचं नावच चांगली बातमी, तिला म्हातारपणी वाईट बातमी सांगायचं काम यावं, याला काय म्हणावं!

त्या दिवशी सुगीचा सण होता. वर्षातून एकदा चर्चची मंडळी पहिलं पीक देवापुढं आणून ठेवतात. वेदीच्या पायऱ्यांवर धान्य, भाज्या, फळं मांडतात, दाराला ऊस बांधतात, आणि उपासना झाली की त्याच मालाचा तिथंच लिलाव करून हसतखिदळत घरी नेतात. अडचण एवढीच की पेठेतल्या या मंडळीत जमीन असलेला माणूस औषधालासुद्धा नव्हता. कुणी नर्स, कुणी मास्तर, कुणी पोस्टात, कुणी बँकेत. मग सगळे जण आदल्या संध्याकाळी बाजारात जाऊन ‘आपलं पीक’ विकत आणत. फार वर्षांपूर्वी अशीच एक मास्तरीणबाई हरणाबाईच्या पाटीपुढं बसून अर्ध्या तासाची घासाघीस करत होती. हरणाबाईनं विचारलं, "एवढ्या मटकीचं काय करणार, बाई?" "देवाला अर्पण करायची आहे," बाई म्हणाल्या.

"देवाला द्यायचं आन् भाव करायचा?" हरणाबाई अशी हसली की शेजारच्या दोघीतिघी गोळा झाल्या. पुढच्या वर्षी सणाच्या सकाळी ती स्वतःच मागच्या दारानं आली, मटकीचं गाठोडं घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्याबरोबर दोघी आल्या. असं करत करत पेठेतल्या चर्चचा सुगीचा सण म्हसोबा-बिरोबाला नवस बोलणाऱ्या बायांच्या भाजीवर साजरा व्हायला लागला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उपासना संपली की पाळकसाहेब झगा सावरत मागं यायचे, त्या बायांच्या घरादारासाठी प्रार्थना करायचे, आणि बाया पदर डोक्यावर घेऊन ठसक्यात "आमेन" म्हणायच्या.

तर त्या बाया आज आल्या होत्या. न बोलावता, ठरल्यासारख्या.

"चला, चला, ऊन चढायच्या आत मांडू या," म्हणत हरणाबाई पुढं निघाली. सत्तरीची बाई, पण चाल अजून आटपाडीकडच्या माळावरची. मेंढरांमागं हिंडलेले पाय ते. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर सांगलीला आली ती इथलीच झाली. सुवार्ताबाई तिच्या मागं जवळजवळ पळतच गेली. पण तोवर हरणाबाईनं देवळाचं बाजूचं दार ढकललं होतं. जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत, आणि सुवार्ताबाईही अजून तेच म्हणायची.

देऊळ रिकामं होतं. रिकामं म्हणजे माणसांविना नव्हे, बाकांविना. शंभर वर्षं बाकं जिथं उभी होती तिथं फरशीवर पायांच्या चौकोनी खुणा ओळीनं उमटल्या होत्या. पेटी नव्हती, उपासनेच्या पुस्तकांचं कपाट नव्हतं. उरली होती ती फक्त दगडाची वेदी, कारण ती उचलायला चार माणसं कमी पडली होती.

"आवं! बाकं कुठं गेली?" सोनियानं विचारलं.

"रंगवाया दिल्यात," सुवार्ताबाई म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज वर आढ्यापर्यंत जाऊन परत आल्यासारखा वाटला. पंचेचाळीस वर्षं ती या देवळाच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होती. फरशी पुसली, घंटा वाजवली, नवऱ्याला इथूनच निरोप दिला. पण या भिंतींच्या आत खोटं ती आज पहिल्यांदा बोलली. तेही सणाच्या दिवशी आणि पांढरं पातळ नेसून.

"बरं झालं की, मोकळं मोकळं वाटतंय," हरणाबाई म्हणाली आणि टोपली खाली ठेवून कामाला लागली.

खरं असं होतं की एकोणीसच्या पुरात मारुती चौकातून वर चढलेलं पाणी पेठेत शिरलं आणि या देवळात खिडकीच्या कठड्याला लागलं. त्याआधी पाच सालच्या पुरातही आलं होतं, पण तेव्हा माणसं तरुण होती. एकोणीसनंतर मंडळीतली घरं एकेक करून उठायला लागली. कुणी कुपवाडला गेलं, कुणी मिरजेला, आणि बहुतेक विश्रामबागेला. तिथं रस्ते रुंद, शाळा जवळ, आणि पाणी येण्याची भीती नाही. रविवारी गाडी घेऊन पेठेत यावं तर लावायला जागा नाही. शेवटी मंडळीच्या पंचांनी विश्रामबागेत नवीन हॉल बांधला. मोठ्या खिडक्या, पंखे, माईक. आजचा सुगीचा सण तिथं होता, आणि आजपासून सगळ्याच उपासना तिथं होणार होत्या. पेठेतलं देऊळ नाताळला आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तेवढं उघडायचं. पुढच्या आवारात दुचाकी लावायची सोय करायची, आणि मागचं दार विटांनी बुजवून टाकायचं. गवंडी सोमवारी, म्हणजे उद्याच येणार होता.

सुवार्ताबाईला वाऱ्यावर सोडलं होतं असंही नाही. हॉलच्या मागं तिच्यासाठी खोली बांधली होती. टाइल्सची, गिझरसकट. ती बघून आली तेव्हा तिला बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटल्याचंच नंतर वाईट वाटत राहिलं. बायांना सांगायचं काम पंचांनी तिच्यावरच सोपवलं होतं. "तुमचंच ऐकतील त्या," म्हणाले. सोमवारी सांगू म्हणता मंगळवार झाला. बुधवारी सोनियाचं लेकरू तापलं होतं, मग कसं सांगायचं? गुरुवारी हरणाबाईनं जास्तीची मेथी दिली. मेथी घेऊन हे सांगणार? असे तीन आठवडे गेले.

कारण ते दार म्हणजे नुसतं दार नव्हतं. त्याच्या आत डाव्या हाताला दोन संडास होते, नळ होता, आणि दगडी कट्ट्याची आडोशाची मोरी होती. पेठेत सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत रस्त्यावर बसणाऱ्या चाळीसएक बायांना या भर बाजारात आडोशाची एवढीच एक जागा होती. ती नव्हती तेव्हा बाया दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसत.

ते सुरू झालं तेव्हा सुवार्ताबाई लग्न होऊन नुकतीच आली होती. तिचा नवरा शांतवन हा चर्चचा राखणदार होता. एका दुपारी ती धुणं वाळत घालत असताना तिला मागच्या गल्लीत एक बाई दिसली. आठव्या महिन्यातली, एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातानं लुगडं सावरत, गल्लीच्या दोन्ही तोंडांकडं आळीपाळीनं बघणारी. माणसं येत होती, जात होती. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. सुवार्ताबाईनं काही विचारलं नाही. कोळशाची पोती आत घ्यायला कधी काळी ठेवलेलं आणि नंतर गंजून बसलेलं ते दार तिनं लाथा घालून उघडलं आणि म्हणाली, "ये आत." ती बाई म्हणजे हरणाबाई. दुसऱ्या दिवशी ती आणखी एकीला घेऊन आली.

महिन्याभरात पंचांकडून पाळकसाहेबांकडं तक्रार गेली. बाजारातल्या बाया देवळाच्या संडासात जातात, मंडळीतल्या बायकांची अडचण होते. तेव्हाचे पाळकसाहेब म्हातारे होते आणि कमी बोलायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून दुसरा संडास बांधायला लावला. "एकात अडचण होत असेल त्यांची," एवढंच म्हणाले. पुढं पाच पाळक बदलले, पण त्यानंतर दाराचा विषय कुणी काढला नाही. हरणाबाईचा तो मुलगा आज सैन्यातून निवृत्त होऊन शिरवळच्या कारखान्यात गेटवर उभा असतो. दाराचं वय सांगायचं झालं तर सुवार्ताबाई त्याचं वय सांगायची.

बायांनी तासाभरात देऊळ भरून टाकलं. बाकं नसल्यामुळं त्यांना कधी नव्हे एवढी जागा मिळाली होती. वेदीच्या पायऱ्यांवर मटकी, हुलगे आणि बाजरीच्या राशी, मग भोपळे, मग मेथी-शेपूच्या जुड्या उभ्या करून, मग टोमॅटो, वांगी, हळदीचे ओले कंद. सोनियानं ऊस दाराच्या दोन्ही अंगांना बांधले आणि वर पाला गुंफला. फरशीवरच्या त्या चौकोनी खुणा भाजीखाली झाकून गेल्या. सुवार्ताबाई मधोमध उभी राहून बघत राहिली. तिला वाटलं, ही माणसं विश्रामबागेहून आत्ता इथं यावीत आणि हे बघावं. बघितल्यावर कुणाच्या तोंडून ‘दार बुजवा’ निघेल?

पुढच्या फाटकाशी गाडी थांबली. चर्चचे सचिव उदयसिंह लोंढे सुवार्ताबाईला न्यायला स्वतः आले होते. बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झालेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. पण तिच्या लेखी तो शाळेच्या सुट्टीत घंटेच्या दोरीला लोंबकळणारा उदयच होता.

"मावशी, झाली का तयारी? साडेनऊला पोचायचं आपल्याला," म्हणत तो दारापर्यंत आला आणि थबकला. त्यानं ऊस बघितला, पायऱ्या बघितल्या, सहाजणी बघितल्या.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही ह्यांना सांगितलंच नाही?"

त्या रिकाम्या देवळात हळू आवाजही सगळ्यांना ऐकू गेला. हरणाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली.

"काय सांगायचं हुतं, आक्का?"

सुवार्ताबाईनं रुमाल मुठीत घट्ट धरला. "बाकं रंगवाया न्हाई दिली, हरणे," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. बाकं विश्रामबागेला नेल्यात. सणबी तिकडंच हाय. आता हितं उपासना व्हायची न्हाई."

सोनियानं एकदा उसाकडं बघितलं.

"आन् दार?" हरणाबाईनं विचारलं.

"उद्या गवंडी येणार हाय. बुजवायला."

"व्हय," हरणाबाई म्हणाली. बस, एवढंच. तिनं शिव्या घातल्या असत्या तर सुवार्ताबाईला सोसल्या असत्या. भांडली असती तर उलट बरं वाटलं असतं. पण ती नुसती ‘व्हय’ म्हणाली. आजपर्यंत कितीतरी जागांवरून उठवली गेलेली बाई ती. एक पाटी घेऊन रस्त्याच्या या अंगाला, मग त्या अंगाला, मग आणखी पलीकडं. तिला याची सवय होती आणि तेच सुवार्ताबाईच्या जिवाला लागलं. या एका जागेवरून तरी तिला कुणी उठवायला नको होतं.

सुवार्ताबाई आयुष्यात कधी पंचांपुढं तोंड वर करून बोलली नव्हती. ती उदयसिंहाकडं वळली.

"उदय, बायांनी जायाचं कुठं?"

"मंडईच्या पलीकडं सार्वजनिक आहे की, मावशी."

"त्ये कितीक लांब हाय, साहेब," सोनिया म्हणाली. "माल कुणाच्या भरवशावर टाकून जायाचं? आन् म्होरं गडी माणसं उभी असत्यात. आमी कसं जावं?"

उदयसिंहानं चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नव्हता. "मी एकट्यानं ठरवलेलं नाही हे," तो म्हणाला. "इथं आता राहणार कोण? मागच्या वर्षी नळ चोरीला गेले. दारू पिऊन माणूस येऊन झोपला होता मोरीत. उद्या काही बरंवाईट झालं तर उत्तर कुणी द्यायचं?"

"मी ऱ्हाते की हितं. मी दिती उत्तर. विश्रामबागेत मला गिझर दिलायस न्हवं? नगं मला गिझर. नगं ती खोली. त्या बदली एवढं दार ठेव."

"असं अदलाबदलीनं होत नसतं, मावशी!" उदयसिंहाचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तुम्ही बहात्तर वर्षांच्या. परत पाणी आलं तर तुम्हाला काढणार कोण? आमच्या आईला वरच्या मजल्याच्या खिडकीतून होडीत घेतली, आठवतंय ना? होडीत बसली ती शेवटपर्यंत होडीतच होती. घरात, कॉटवर बसून म्हणायची, हलू नका रे, उलटेल. मला ते परत बघायचं नाही. तुमच्या बाबतीत तर नाहीच नाही."

उदयची आई तिची मैत्रीण होती, आणि शेवटच्या दिवसांत तिच्या कॉटजवळ न हलता बसण्याचं काम सुवार्ताबाईनंही केलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. पेठ सोडून गेलेली माणसं हौसेनं गेली नव्हती. तिला एकाच वेळी दोघांचंही पटत होतं आणि म्हणून आणखीच रडू येत होतं.

"मी पंचांच्या पुढच्या सभेत मांडतो हा विषय," उदयसिंह म्हणाला.

"सभा कवा हाय?"

"नाताळानंतर."

"आन् गवंडी उद्या," सुवार्ताबाई म्हणाली. उदयसिंह मोबाईलमध्ये वेळ बघायला लागला.

मग हरणाबाईच पुढं आली. "साहेब, हे सगळं घ्या की गाडीत," ती म्हणाली. "आणलंय त्ये देवाचं हाय. तिकडंबी त्योच असंल न्हवं?"

"तसं नाही, आज्जी, तुम्ही परत न्या. विका. तुमचा धंदा…"

"एकदा देवापुढं ठेवल्यालं परत न्ह्याचं? आमच्यात न्हाई तसं. तुमच्यात असंल तर सांगा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण उदयसिंहाला तो लागला. "फकस्त दर सालच्यावानी पाळकसाहेब यिऊन चार शब्द बोलत्यात, तेवढं ऱ्हायलं. साहेब न्हाईत, तर आक्का, तूच बोल."

"मी?" सुवार्ताबाई दचकली. पंचेचाळीस वर्षांत तिनं वेदी पुसली होती, तिच्यावर फुलं ठेवली होती. पण तिच्यापुढं उभं राहून मोठ्यानं कधी एक शब्द उच्चारला नव्हता. त्या कामाला पाळक असतो. तिनं उदयसिंहाकडं बघितलं. त्यानं चपला काढल्या आणि मान खाली घातली.

सहाजणींनी पदर डोक्यावर घेतले. सुवार्ताबाईनं हात जोडले. पाळकसाहेबांची छान छान वाक्यं तिला पाठ होती, पण ऐन वेळी त्यातलं एकही आठवेना.

"बापा," ती म्हणाली, "ह्या बायांनी आणलंय. घे. ह्यांच्या शेतात पाणी असू दे. सोनियाच्या पोराचा ताप गेलाय, तो परत येऊ देऊ नगंस. हरणाबाईचं गुडघं दुखत्यात, तुला ठावं हाय." ती थांबली. "मी तुज्या घरात खोटं बोलले. ह्यांच्याशी बोलले. लाज वाटली म्हणून बोलले. आमी समदी उठून चाललोय, आन् ह्या हितंच ऱ्हाणार हैत. त्यांच्याकडं बघ. आमच्यानं झालं न्हाई."

मग "आमेन" म्हणाल्या त्या हरणाबाई आणि तिच्या बरोबरच्या. उदयसिंहाचा आमेन मागून आला आणि अर्धाच ऐकू आला.

माल गाडीत चढवताना सगळ्यांनी हात लावले. मागच्या सीटवर भोपळे बसले, डिकीत धान्य. ऊस काही केल्या मावेनात. शेवटी ते खिडकीतून बाहेर काढले, तेव्हा सोनियाला हसू आलं, आणि मग उदयसिंहालाही आलं. "लगीन लागलंय जणू गाडीचं," ती म्हणाली. उदयसिंहानं सुवार्ताबाईला बसवायला जागा शोधली, पण भाजीनं ती ठेवली नव्हती. "मी रिक्षा पाठवतो, मावशी," तो म्हणाला. "मागचं कुलूप लावा आणि या. प्रार्थना छान केलीत." मग बाहेर आलेले ऊस एकदा चाचपून तो गाडीत बसला.

सुवार्ताबाई मागं आली तेव्हा बायांनी टोपल्या उचलल्या असतील, बाजारात आपापल्या जागेवर गेल्या असतील, असं तिला वाटलं होतं. पण टोपल्या भिंतीशी तशाच होत्या. हरणाबाईनं लुगड्याचा काचा मारला होता आणि ती कोपऱ्यातला खराटा घेऊन मोरीत उतरली होती. सोनियानं नळाखाली बादली लावली होती. बाकीच्या दोघी-दोघी एकेका संडासात शिरून घासायला लागल्या होत्या.

"हे काय करताय?" सुवार्ताबाई म्हणाली. "आगं, उद्या बुजवणार हैत सगळं. आता कोण येणार हाय हितं?"

"म्हणून काय झालं?" हरणाबाई खाली वाकूनच म्हणाली. "एवढी वर्सं वापरलं. घाण ठिवून जायाचं व्हय? तू हो बाजूला, तुजं पातळ भिजंल."

सुवार्ताबाईनं कपाटातून फिनेलची बाटली आणून दिली. तिला आत उतरू द्यायला कुणी तयार होईना. मग ती कट्ट्यावर बसून राहिली आणि बघत राहिली. त्यांनी भिंतींना हात पोचेल तिथवर घासलं, फरशी खरवडली, नळाच्या तोटीवरचं शेवाळ नखानं काढलं. सोनियानं पाण्याच्या चार बादल्या ओतल्या. मग सगळ्यांनी हातपाय धुतले. काम फार मोठं नव्हतं, अर्ध्या तासात झालं. पण ऊन चढलं होतं आणि हरणाबाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

सुवार्ताबाईनं घरातून तांब्याभर पाणी आणलं. माठातलं, गार. हरणाबाईनं तांब्या वर धरून तोंडात पाणी घेतलं, गालात खुळखुळवलं, आणि मोरीकडं तोंड करून थुंकून टाकलं. पुन्हा तसंच केलं. मग तांब्या परत दिला.

"पी की," सुवार्ताबाई म्हणाली. "एवढी दमलीस. घोटभर तरी पी."

"नगं," हरणाबाई म्हणाली. "आता सांजपातूर बाजारात बसायचं हाय."

तिनं टोपली काखेत मारली आणि तिरकी होऊन दाराबाहेर पडली. तिच्या मागं सोनियाही गेली, आणि मग बाकीच्या. तांब्या हातात धरून सुवार्ताबाई दारात उभी राहिली. पुढच्या फाटकाशी रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.